शतपावली पुरे, की सहस्रपावली?

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची असून साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते. पहिलीच खेप आहे आणि सध्या अकरावा आठवडा चालू आहे. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, हिमोग्लोबिन १०.६. पहिल्याच तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर पाहिली, ती १२६ आली. ‘सध्या ठीक आहे, पुढे पुन्हा पाहू,’ असे डॉक्टर म्हणाल्या. माझ्या आईला मधुमेह आहे आणि थोरल्या बहिणीला दोन्ही खेपांना गरोदरपणातला मधुमेह झाला होता. लग्नाआधीपासून मी आठवड्यातून चार दिवस पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जात असे. दिवस राहिल्याचे कळल्यावर आजेसासूबाईंनी ते बंद करायला लावले; पहिले तीन महिने तर उंबऱ्याबाहेर फारसे पडायचेच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाई म्हणतात, फरशी पुसत जा, तोच व्यायाम आणि बाळंतपणही सोपे होते. बहीण म्हणते, मी बसून राहिले म्हणून मला झाला, तू चालत राहा म्हणजे तुला होणार नाही. डॉक्टरांनी ‘हलका व्यायाम करा’ एवढेच सांगितले. मी नेमके काय करू? ता. क. श्रावणात माझी मंगळागौर आहे. खेळले तर चालेल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात वजन, उंची, आठवडे आणि तपासणीचे आकडे असे सगळे नीट लिहिले, हे फार बरे केले. ‘मला साखरेची भीती वाटते, काय करू?’ एवढ्याच ओळीच्या पत्राला उत्तर देताना सल्ला देणारा अंधारात चाचपडत असतो. आपल्या बाबतीत तसे नाही, त्यामुळे मुख्य उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या सोनोग्राफीत आणि तपासणीत काही अडचण आढळलेली नसेल, तर आपण चालावे; ते आजपासून चालावे; आणि त्यातला मोठा वाटा जेवणानंतर चालण्याचा असावा. त्याने गरोदरपणातील मधुमेहाचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून कितीही चाललात तरी चोविसाव्या आठवड्यानंतरची साखरेची तपासणी चुकवायची नाही. यामागची कारणे आता सविस्तर पाहू, कारण घरातल्या दोघींना, म्हणजे सासूबाईंना आणि आजेसासूबाईंना, ती पटल्याखेरीज आपल्याला दाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही, असे पत्रावरून दिसते.

गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) तयार झाली की ती बाळाला अन्न पोचवण्याबरोबरच काही संप्रेरके आईच्या रक्तात सोडू लागते. ही संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव मुद्दाम कमी करतात. त्यामागचा हेतू चांगलाच असतो: आईच्या शरीराने जेवणातली सगळी साखर स्वतःसाठी ओढून घेऊ नये, थोडी रक्तात रेंगाळावी आणि ती बाळाला मिळावी. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हा प्रभाव वाढत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून ही तफावत भरून काढते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची साखर जेवणानंतर वर जाते आणि वरच राहते. साखर वारेतून बाळाकडे जाते, मात्र आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवू लागते, त्यातून बाळाच्या अंगावर चरबी चढते, प्रसूतीत खांदे अडकण्याचा किंवा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव वाढतो आणि जन्मानंतर काही तासांत बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. आई आणि बहीण या दोघींचा इतिहास पाहता आपल्या स्वादुपिंडाची ही जादा काम करण्याची ताकद थोडी तोकडी असू शकते. यात आपला किंवा आपल्या बहिणीचा काही दोष नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की येणारा आकडा (बीएमआय) आपल्या बाबतीत २६ च्या थोडा वर येतो, आणि भारतीयांसाठी २५ च्या पुढचा आकडा जास्तच समजला जातो. म्हणजे धोका आहे. मात्र १२६ हा साखरेचा आकडा आज १४० या मर्यादेच्या आत आहे आणि आपण अकराव्याच आठवड्यात आहात. हाती वेळ आहे, ही आपली सर्वांत जमेची बाजू.

आता व्यायाम इथे नेमके काय करतो ते पाहू. रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेणारा अवयव म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. एरवी स्नायूला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनने सांगावे लागते. पण स्नायू आकुंचन पावू लागला, म्हणजे तुम्ही चालू लागलात, की तो इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता स्वतःच साखर आत ओढू लागतो. गरोदरपणात नेमका हा निरोपच क्षीण झालेला असतो, त्यामुळे हा दुसरा मार्ग फार उपयोगी पडतो. शिवाय चालणे थांबल्यावरही पुढचा एक दिवस, कधी दोन दिवस, तो स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. म्हणून रविवारी एकदाच दोन तास चालण्यापेक्षा रोज थोडे चालणे अधिक गुणकारी. दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडला की मिळवलेले बरेचसे विरून जाते.

आपल्याकडे जेवणानंतरच्या चालण्याला शब्दच आहे: शतपावली. कोणा पूर्वजाने हा शब्द घडवला त्याच्याविषयी मला मोठा आदर आहे, फक्त आकड्यात तो जरा कंजूष होता. शंभर पावले टाकायला जेमतेम एक मिनिट लागते. एका मिनिटात साधारण शंभर पावले हा झपाझप, पण धाप न लागणारा वेग समजला जातो. तोच वेग दहा मिनिटे राखला की हजार पावले होतात. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात २०१६ साली मधुमेह असलेल्या ४१ जणांवर एक छान प्रयोग झाला. काही दिवस त्यांना दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटे चालायला सांगितले, आणि काही दिवस तीनही मुख्य जेवणांनंतर १०-१० मिनिटे. एकूण मिनिटे तेवढीच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. ही माणसे गरोदर नव्हती, हे खरे. परंतु गरोदरपणातल्या मधुमेहात साखर मुख्यतः जेवणानंतरच चढते, त्यामुळे हा धडा आपल्यालाही लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांच्यानंतर दहा-दहा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा हिशेब मांडला की १५० पुरे होतात. उरलेल्या दोन दिवशीही चाललात तर ती वरकमाई.

आपल्या दिनक्रमात हे कसे बसेल? सकाळी नाश्ता करून बँकेत जाताना रिक्षा थोडी अलीकडे सोडावी. दुपारी डबा खाऊन झाला की खुर्चीवर परत बसण्याआधी जिन्यापाशी किंवा व्हरांड्यात दहा मिनिटे फेऱ्या माराव्यात. सहकारी दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांतली एखादी सोबत येईल. रात्री जेवणानंतर भांडी आवरण्याच्या आधी चालावे, नंतर नव्हे. आवराआवर होईस्तोवर पाऊण तास जातो, अंग जड होते आणि मग ‘उद्या बघू’ होते. मध्यम वेगाची खूण सोपी आहे: चालता चालता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजण्याची किंवा मनगटावर यंत्र बांधण्याची गरज नाही. आणि काउंटरवर सलग तीन तास बसणे हा एक स्वतंत्र वैरी आहे. सकाळी अर्धा तास चालून नंतर दिवसभर न उठणाऱ्या बाईला त्या अर्ध्या तासाचा पुरता लाभ मिळत नाही, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने का होईना, उठावे.

बहिणीच्या ‘तुला होणार नाही’ या आश्वासनाबद्दल मात्र सावध राहावे. याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, गरोदरपणात नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत हा मधुमेह होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळली. पण सरासरीच्या पोटात बरेच काही दडलेले असते, म्हणून दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहू. बीजिंगमध्ये वजन जास्त असलेल्या ३०० स्त्रियांवर एक चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्यांना तिसरा महिना संपण्याच्या आतच आठवड्यातून तीन दिवस, किमान अर्धा तास, जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवले. सायकल चालवणाऱ्यांपैकी २२ टक्के स्त्रियांना मधुमेह झाला, न चालवणाऱ्यांपैकी जवळजवळ ४१ टक्के. याउलट नॉर्वेमध्ये २०१२ साली ८५५ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे व्यायाम विसाव्या आठवड्यानंतर सुरू केला होता आणि दोन्ही गटांत काहीच फरक पडला नाही. दोन्हीकडच्या स्त्रिया वेगळ्या, व्यायाम वेगळा, धोकाही वेगळा, त्यामुळे फरकाचे सगळे श्रेय वेळेला देता येणार नाही; तरीही वार जोरात कामाला लागण्यापूर्वी सुरुवात करण्याला महत्त्व आहे, असे माझे मत बनले आहे. म्हणूनच ‘तीन महिने होऊ देत, मग चाल’ हा सल्ला मला नको तिथे वेळ घालवणारा वाटतो. आणि त्याच बीजिंगच्या आकड्यांत दुसरी गोष्टही आहे: सायकल चालवूनही शंभरातल्या २२ जणींना मधुमेह झालाच. आपली बहीण ‘बसून राहिले म्हणून मला झाला’ असे म्हणते, तेव्हा ती स्वतःला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. दोन्ही खेपांना झाला, आईलाही आहे. यात रक्ताच्या वारशाचा वाटा मोठा असणार. तिला हे आवर्जून सांगावे. आणखी एक गोष्टही तिला विचारावी: बाळंतपणानंतर तिने स्वतःची साखर पुन्हा तपासली आहे का? गरोदरपणात हा मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सात ते दहा पट असतो, आणि बाळाच्या लसी अचूक लक्षात ठेवणाऱ्या बायका स्वतःची तपासणी हटकून विसरतात.

आता आजेसासूबाई. त्यांचा सल्ला आपण हसण्यावारी नेऊ नये, कारण तो हवेतून आलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातल्या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. शेतातली कामे करायची, पाणी भरायचे, आणि ताटात बेताचेच, अशा त्या स्त्रियांपैकी ज्यांच्यावर कष्टांचा भार अधिक होता, त्यांची बाळे जन्मतः लहान असल्याचे त्या अभ्यासात दिसून आले. आजेसासूबाईंच्या तरुणपणी ‘पोटुशीला जरा बसू दे’ असे म्हणणारी सासू त्या सुनेच्या डोक्यावरचा हंडा उतरवत होती. तो सल्ला त्या बाईसाठी योग्यच होता, आजही ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी योग्य आहे. फक्त आपण ती बाई नाही. आपण दिवसाचे सात तास खुर्चीवर बसता, पोटभर जेवता आणि वजन जरूरीपेक्षा थोडे अधिक आहे. आपल्याला विश्रांतीची नव्हे, हालचालीची उणीव आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगून पाहावे; स्वतःचे कष्ट कोणी ओळखले की वडीलधारी माणसे पुष्कळदा चार पावले मागे येतात.

त्यांच्या मनातली खरी भीती गर्भपाताची असणार. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. आई चालली, जिना चढली किंवा हात उंच करून कपडे वाळत घातले म्हणून तो घडत नाही. मध्यम व्यायामाने गर्भपाताचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट अकारण पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गरोदरपणात आधीच वाढलेला असतो, तो आणखी वाढतो.

सासूबाईंच्या फरशीबद्दलही दोन शब्द लिहितो. घरकाम अजिबात वाया जात नाही, दिवसभर बसून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. परंतु फरशी पुसताना आपण दोन मिनिटे सरकता, थांबता, फडके पिळता, पुन्हा वाकता; मांडीचे मोठे स्नायू सलग दहा मिनिटे काम करत नाहीत आणि कंबर मात्र सगळा वेळ वाकलेली असते. सहाव्या-सातव्या महिन्यात पोट पुढे आल्यावर ओल्या फरशीवर पाय सरकण्याची भीती वेगळीच. फरशी पुसण्याने बाळंतपण सोपे होते, असे मानायला मला काही आधार सापडलेला नाही. आणि ‘दिवसभर घरात राबते, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात व्यायामाची वेळ काढायची तर आधी राबणे कोणीतरी वाटून घ्यावे लागते. आपल्या पत्रात यजमानांचा कुठेच उल्लेख नाही, म्हणून हे त्यांच्यासाठी: रात्रीची भांडी.

अजिंक्यतारा मला सोडवत नाही, कारण लग्नाआधीपासून टिकलेली सवय ही कोणत्याही औषधापेक्षा मोलाची असते. ज्या स्त्रीला चढाची सवय आहे, तिने पहिल्या सहामाहीत नेहमीच्या चालीने, बोलता येईल इतपत दम राखून, डांबरी रस्त्याने चढायला माझी हरकत नाही, अर्थात आपल्या डॉक्टरांनी होकार दिल्यानंतर. माझी काळजी चढाची नाही, उताराची आहे. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, पोटामुळे शरीराचा तोल पुढे जातो, आणि सुट्या खडीवरून किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरताना घोटा मुरगळणे किंवा पडणे सहज होते. साताऱ्याचा पाऊस आपल्याला मी सांगायला नको. तेव्हा जून ते सप्टेंबर गड सोडावा, कोरड्या आणि सपाट जागी चालावे. पाऊस कोसळत असेल तर घरातल्या घरात स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा फेऱ्यासुद्धा स्नायूंना तितक्याच मान्य असतात. पाऊस ओसरेल तेव्हा पोट बऱ्यापैकी मोठे झालेले असेल, त्यामुळे गडाची गाठ बाळासह पुढच्या वर्षी पडेल असे धरून चालू या. उपाशीपोटी पहाटे निघण्याची सवय असेल तर तीही आता बदलावी, दूध किंवा एखादे फळ घेऊन निघावे.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना थोडा भार द्यावा. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश, तीन आकडे मोजत बसायचे, असे दहा वेळा. थोडे थांबून आणखी दहा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला लावायचे आणि कोपरांत वाकून भिंतीकडे जायचे, परत यायचे, असे दहा. श्वास रोखून धरायचा नाही. योगासने येत असतील तर गरोदर स्त्रियांना शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली करावीत. पालथे झोपून करायची, पोटाला पीळ देणारी आसने आणि कपालभाती सध्या बाजूला ठेवावीत. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणे पडून करायचे व्यायामही नकोत, कारण वाढलेले गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते आणि चक्कर येऊ शकते.

कोणी व्यायाम करू नये, हेही स्पष्ट असावे. योनीमार्गे सतत रक्तस्राव होणे, गर्भाशयाचे मुख सैल असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, पाणी गेलेले असणे, मुदतीपूर्वी कळा सुरू होण्याचा धोका, रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाऊ लागणे, शेवटच्या तिमाहीतही वार गर्भमुखावर असणे, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे काही गंभीर विकार, आणि तीव्र रक्तक्षय. अशा वेळी डॉक्टर ‘नको’ म्हणतील तर ते ऐकलेच पाहिजे. आपले हिमोग्लोबिन १०.६ आहे, म्हणजे ११ च्या किंचित खाली. हा सौम्य रक्तक्षय आहे, तेवढ्यावरून चालणे थांबवण्याचे कारण नाही, पण लोहाच्या गोळ्या सांगितल्या की त्या नेमाने घ्याव्यात आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असे लिहून आले तर घाबरून अंथरूण धरू नये. गर्भाशय वाढते तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. पुन्हा तपासणी होईपर्यंत काय चालेल आणि काय नाही, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. चालताना रक्त दिसले, पाणी गेल्यासारखे वाटले, ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, छातीत दुखले, चक्कर आली, डोके जोरात ठणकू लागले किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

खाण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी एका डब्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. गरोदर सुनेच्या घरात शतावरी कल्पाचा डबा येतोच. तो उलटा करून घटकांची यादी वाचावी. बहुतेक कल्पांत सर्वाधिक प्रमाण साखरेचे असते, आणि दिवसातून दोनदा दुधात दोन-दोन चमचे म्हणजे औषध म्हणून घेतलेली साखरच. तीच गोष्ट डिंकाच्या लाडवांची. दोन जिवांसाठी खायचे म्हणजे दुप्पट खायचे नव्हे. आपल्या वजनाच्या स्त्रीने पूर्ण गरोदरपणात साधारण ७ ते ११.५ किलो वाढणे योग्य समजतात. नाश्त्याला नुसते पोहे न खाता त्यात मूठभर मटकी किंवा शेंगदाणे आणि सोबत अंडे किंवा दही असावे. सणांचे उपवासही सांभाळून करावेत, कारण दिवसभर रिकाम्या पोटी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाणे, हे साखर उंच उडवण्याचे जणू यंत्रच आहे. बाकी आहाराचे पत्र वेगळे पाठवलेत तर वेगळे उत्तर देईन.

आता पुढची तपासणी. आपण सांगितलेली पद्धत हीच आपल्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनातली आहे: पहिल्या भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. नवरात्राच्या सुमारास आपली ही वेळ येईल, तेव्हा कॅलेंडरवर आताच खूण करावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तास बसून राहायचे, मग रक्त द्यायचे. यासाठी उपाशी असण्याची गरज नसते. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. त्या दोन तासांत मात्र फेऱ्या मारू नयेत. मी व्यायामाची एवढी भलामण केल्यावर हे विचित्र वाटेल, पण स्नायूंनी तेवढ्यात साखर ओढून घेतली तर अहवाल खोटाच चांगला येईल. काही खासगी दवाखान्यांत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी असे तीन नमुने घेतात. त्यांच्या मर्यादा ९२, १८० आणि १५३ अशा वेगळ्या असतात, त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या मापाने मोजून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तेथेही जाता येईल.

दोन तासांचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला, तर ‘एवढे चालले ते फुकट गेले’ असे मनात आणू नये. तेव्हा चालणे थांबत नाही, उलट तेच उपचाराचा पहिला भाग बनते. आधी सुमारे दोन आठवडे आहार आणि व्यायाम यांवर भर देतात आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहते का ते पाहतात. राहिली नाही तर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन बाळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने दचकू नये. पण ते घेत असताना चालायला जाताना सोबत साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असावीत, कारण तेव्हा साखर खाली घसरू शकते. जमल्यास घरी साखर मोजण्याचे छोटे यंत्र घ्यावे. एके दिवशी भाकरी, भाजी, भात असे नेहमीचे जेवून बसून राहावे आणि दोन तासांनी मोजावे. दुसऱ्या दिवशी तेच ताट, तेवढेच, आणि नंतर दहा मिनिटे चालून मोजावे. ते दोन आकडे आजेसासूबाईंना दाखवावेत. माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा ते लवकर पटतील, असा माझा अंदाज आहे.

राहता राहिली मंगळागौर. श्रावणापर्यंत आपल्याला पाचवा महिना लागलेला असेल. झिम्मा खेळावा, टिपऱ्या खेळाव्यात, गाण्यांचा आवाज आपलाच मोठा असू द्यावा. फुगडी मात्र नको, बसफुगडीही नको: गरगर फिरताना हात सुटला तर पाठीवर किंवा पोटावर आदळण्याची भीती असते, आणि ओले पाय, गुळगुळीत फरशी यांची त्यात भर पडते. पिंग्यात कंबर घुसळताना ओढाताण होत असेल तर बाहेर येऊन टाळ्या वाजवाव्यात. जागरण बारापर्यंत पुरे. मंगळागौर पाच वर्षांची असते, यंदाची फुगडी पुढच्या श्रावणात घालता येईल. फक्त रात्रीच्या फराळानंतर दहा मिनिटांची फेरी विसरू नका, आणि त्या वेळी दोघी-तिघी मैत्रिणींनाही सोबत घ्या.